घसरणारा चोक

आमच्याकडे मोरी तुंबली की ती 'चोकअप' होते आणि जुनी मोटरसायकल सकाळी सुरू होत नसली की तिला 'चोक द्यावा' लागतो. शब्द एकच. पहिला चोक नकोसा, दुसरा आपणच हौसेने दिलेला. इंजिनाचा श्वास मुद्दाम थोडा कोंडायचा म्हणजे ते जागं होतं, ही गोष्ट तरुणपणी मला फार विचित्र वाटायची. मी मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस. यंत्राशी माझा संबंध शाळेची घंटा आणि सायकल एवढाच. पण नोकरीच्या गावाला एस.टी. दिवसातून दोनदा यायची, त्यामुळे मोटरसायकल घ्यावी लागली आणि तिच्या मागोमाग तिचं शास्त्रही थोडंफार शिकावं लागलं.

आता तो चोकही चालला. १ एप्रिल २०२० पासून आपल्या देशात बीएस-६ हे धुराचे कडक नियम लागू झाले आणि नव्या दुचाक्यांपैकी बहुतेकींमधून कार्ब्युरेटर गेला. पेट्रोल किती, हवा किती, हे आता एक छोटा संगणक ठरवतो. इंजिन थंड आहे की गरम हेही तोच पाहतो. चोकची दांडी ओढायची, मग विसरायची, मग रस्त्यात काळा धूर पाहून आठवायची, हा सगळा उद्योग संपला. मला त्याचं वाईट वाटत नाही. धूर कमी झाला तर बरंच आहे. पण त्या दांडीबद्दल एक गोष्ट लिहून ठेवावी असं बरेच दिवस मनात होतं. ती दांडी जागेवर का राहत नसे, आणि घसरली तर कोणत्या बाजूला घसरे, एवढीच ती गोष्ट. दिसायला फार लहान आहे.

आधी थोडं शास्त्र. ज्यांना ठाऊक आहे त्यांनी हा परिच्छेद ओलांडून पुढे जावं.

पेट्रोल पातळ असताना नीट जळत नाही, त्याची वाफ हवेत मिसळली की जळतं. वजनाने एक भाग पेट्रोलला साधारण १४.७ भाग हवा हे पुस्तकी प्रमाण. इंजिन थंड असलं की पेट्रोलची वाफ नीट होत नाही, बरंचसं थेंबांच्या रूपात नळीच्या भिंतीला चिकटून राहतं. जळण्यापुरती वाफ मिळावी म्हणून मग पेट्रोलच जास्त सोडावं लागतं. त्याचे दोन मार्ग. एक म्हणजे हवेची वाट अडवायची, म्हणजे इंजिन जास्त जोराने पेट्रोल ओढतं. हा खरा चोक. दुसरा म्हणजे हवा तशीच ठेवून पेट्रोलची एक जादा वाट उघडायची. त्यालाही आपण चोकच म्हणतो, पण तो श्वास कोंडत नाही, घास वाढवतो. हा फरक ध्यानात असू द्या, पुढे लागेल. यांशिवाय 'टिकलर' नावाचं एक बटण असे. ते दाबलं की आतला तरंगता फ्लोट खाली जाई आणि पेट्रोल भरून ओसंडे. बोटाला पेट्रोलचा वास लागला की समजायचं, झालं काम. जावा आणि येझदीवाल्यांना हा वास आयुष्यभर पुरला असेल.

आता इतिहास. १८९६ साली अर्नेस्ट बाउडेन नावाच्या गृहस्थाने इंग्लंडात एका वायरीचं पेटंट घेतलं. पोलादी तारांची दोरी आणि तिच्या भोवती न दबणारी वेटोळ्यांची नळी. एक टोक ओढलं की दुसरं टोक ओढलं जातं, मग मधे कितीही वळणं असोत. आपल्या सायकलच्या ब्रेकची, मोटरसायकलच्या क्लचची वायर ती हीच. साऱ्या दुचाकींच्या जगाची ही शीर आहे. पण तिच्यात एक मूळ स्वभाव आहे. वायर ओढू शकते, ढकलू शकत नाही. सुतळीने बैल ओढता येईल, ढकलता येणार नाही, तसंच. म्हणून वायरच्या पलीकडच्या टोकाला नेहमी एक स्प्रिंग लागते. हाताने ओढायचं आणि स्प्रिंगने परत न्यायचं. ज्याने गाडीचा तो भाग आखला त्याला प्रत्येक वेळी ठरवावं लागतं की हाताच्या वाट्याला कोणती बाजू द्यायची आणि स्प्रिंगच्या वाट्याला कोणती. हात कधीतरी सुटणारच. स्प्रिंग मात्र झोपत नाही.

शंभरएक वर्षांपूर्वीच्या ब्रिटिश मोटरसायकली चित्रांत पाहिल्या तर हँडलवर दांड्यांची गर्दी दिसते. पेट्रोलची एक, हवेची एक, ठिणगी लवकर की उशिरा पडावी याची तिसरी. मूठ पिरगाळून वेग वाढवायची पद्धत तिकडे सगळीकडे रुळायला वेळ लागला. चढ आला की स्वार हवा जरा कमी करी, उतार आला की वाढवी. म्हणजे हवेची दांडी ही सकाळी एकदा वापरून विसरायची गोष्ट नव्हतीच, ती सतत हाताशी लागे. त्यामुळे ती हात जिथे सोडेल तिथेच थांबायला हवी होती. त्यासाठी तिच्या बुडाशी खिट्टी किंवा खाच नव्हती, फक्त घर्षण होतं. दोन चकत्या, मधे एक वाकडा स्प्रिंग वायसर, वरून स्क्रू. स्क्रू आवळला की दांडी जड, ढिला केला की हलकी.

१९२७ साली अमॅक, ब्राउन अँड बार्लो आणि बिंक्स हे तीन कार्ब्युरेटरवाले एकत्र आले आणि बर्मिंगहॅममध्ये 'अमल' ही कंपनी झाली. पुढली चाळीस वर्षं ब्रिटिश मोटरसायकल म्हणजे अमल कार्ब्युरेटर हे समीकरण होतं. त्याच्या पोटात एक गोल स्लाइड वर-खाली होते, ती मुठीची. तिच्यातच बसवलेली दुसरी एक अरुंद स्लाइड, ती हवेची, म्हणजे चोकची. दोन्हींना वरून वायर, दोन्हींवर स्प्रिंग. वायर ओढली की स्लाइड वर, वायर सैल सोडली की स्प्रिंगच्या दाबाने खाली.

इथे गंमत आहे, आणि हा सगळा लेख त्या गमतीवरच उभा आहे. मुठीची वायर तुटली तर स्लाइड खाली येते, पेट्रोल-हवा बंद होते आणि गाडी थांबते. हे शहाणपणाचं आहे. वायर तुटून गाडी सुसाट सुटली असती तर किती माणसं मेली असती! पण शेजारच्या चोकलाही तीच व्यवस्था दिली गेली. चोकची वायर सैल पडली तर त्याचीही स्लाइड खाली येते आणि हवा अडते. म्हणजे चोक 'लागतो'. सकाळचं मिनिटभर सोडलं तर चोक नको असतो. तो लागू नये म्हणून दांडीने दिवसभर, मैलोन् मैल, स्प्रिंगशी झुंजत वायर ताणून धरायची. चोक देण्याचं काम स्प्रिंग फुकटात करते, तो न देण्यासाठी मात्र दांडी सतत राबते. चकत्या झिजल्या, वायसर दबला, इंजिनाच्या थरथरीने स्क्रू सैल झाला, की दांडी आपली हळूहळू सरकते. तुम्हाला कळतही नाही. गाडी जड वाटू लागते, ओढत नाही, आवाज भरल्या घशासारखा येतो, मागे काळा धूर, प्लगवर काजळी.

बिघाड झाला तर वस्तू कोणत्या बाजूला पडावी, हा प्रश्न रेल्वेवाल्यांना फार आधी पडला होता. २१ जानेवारी १८७६ रोजी इंग्लंडात ॲबट्स रिप्टन इथे हिमवादळात गाड्यांची टक्कर झाली. त्या काळी तिथे सिग्नल एरवी 'मार्ग मोकळा' असेच ठेवत आणि गरज पडली तर 'थांबा' करत. बर्फ साचून सिग्नलचे हात मोकळ्या मार्गाच्या खुणेवरच गोठले. केबिनमधल्या माणसाने दांडी ओढली तरी हात हलला नाही. त्या अपघातानंतर रीत उलटली. सिग्नल मुळातच 'थांबा' असावा, मार्ग मोकळा करण्यासाठी कष्ट घ्यावेत. आपल्याकडच्या आगगाड्यांना पुढे वर्षानुवर्षं व्हॅक्यूम ब्रेक होते तेही याच न्यायाचे. डबे सुटले, नळी तुटली, तर ब्रेक आपोआप लागावा. अलिबागला प्रवासी आगगाडी अजून आलेली नाही, त्यामुळे हा दाखला लांबचा वाटेल. तर जवळचा घ्या. नागाव, चौल, रेवदंड्याच्या वाड्यांना पूर्वी रहाटाने शिंपणं होई. मी लहानपणी पाहिलेल्या रहाटाला एक लाकडी अडसर होता, चाक एका दिशेनेच फिरू देणारा. भरलेल्या पोहऱ्यांची माळ केवढी जड! बैल थबकला तर ते वजन चाक उलटं फिरवून जू त्याच्याच अंगावर आणील, म्हणून ती सोय. ज्या सुताराने तो बसवला त्याने कधी ॲबट्स रिप्टनचं नाव ऐकलं नसणार.

आता आमच्या किनाऱ्यावर असल्या इंग्रजी गाड्या आल्या कुठून? दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लष्करासाठी मोटरसायकली अफाट संख्येने बनल्या. बीएसएचं एम-२० हे एकच मॉडेल सव्वा लाखाच्या आसपास निघालं. नॉर्टनची १६-एच, मॅचलेसची जी-३-एल याही होत्या. युद्ध संपल्यावर हिंदुस्थानात उरलेला माल लिलावात निघाला. 'डिस्पोजलचा माल' हा शब्द आमच्या वडिलांच्या पिढीच्या तोंडी सतत असे. डिस्पोजलचे ओव्हरकोट, डिस्पोजलचे तंबू, डिस्पोजलच्या जीपगाड्या. त्यातल्याच मोटरसायकली हात बदलत बदलत कुठे कुठे पोचल्या.

पुढे देशातच गाड्या होऊ लागल्या. १९५५ मध्ये मद्रासला एनफिल्ड इंडिया झाली आणि बुलेट इथे जुळू लागली. १९६१ पासून म्हैसूरची जावा, १९६२ पासून राजदूत. स्कूटर हवी तर बजाजकडे नंबर लावायचा आणि मुलगा बालवाडीत असताना लावलेला नंबर त्याच्या मॅट्रिकला लागायचा. अतिशयोक्ती करत नाही, दहा-दहा वर्षं थांबलेले लोक मला माहीत आहेत. शाळामास्तरच्या पगारात नवी गाडी घेणं शक्य नव्हतं आणि जुनी बजाज नवीपेक्षा महाग! त्यामुळे १९७८ साली मी जी घेतली ती लष्करी डिस्पोजलमधली, तिसऱ्या की चौथ्या हाताची, ५०० सीसीची, हिरव्या रंगावर काळा आणि काळ्यावर पुन्हा निळा रंग चढवलेली मोटरसायकल. तिच्या कंपनीचं नाव मी घेणार नाही. जे झालं त्यात त्या कंपनीचा दोष नव्हता. दोष होता तो तीस-पस्तीस वर्षांचा आणि खाऱ्या वाऱ्याचा.

खारा वारा काय करतो हे किनाऱ्यावर राहिल्याशिवाय कळत नाही. आमच्याकडे खिडकीचे गज गणपतीला रंगवले तर होळीला पापुद्रे सोडतात. बिजागऱ्या कुरकुरतात, शिलाई मशीनचं चाक जाम होतं. आणि दांडीच्या बुडाची ती पातळ पोलादी चकती? तिच्यावर आधी तांबूस डाग, मग बारीक खड्डे, मग ती कानशीसारखी होऊन शेजारची पितळी चकती खात सुटते. वर वायरीत सोडलेलं तेल ओघळून तिथेच उतरतं. एकीकडे खरवड, दुसरीकडे तेल. धरवणार कशी ती दांडी?

माझी दांडी पहिल्यांदा घसरली ती कार्लेखिंडीत. साल १९८२, पावसाळा नुकताच सरला होता. मी तेव्हा पोयनाडच्या बाजूच्या एका शाळेत होतो. आमचे चित्रकलेचे सर दम्याचे जुने रोगी. रात्री साडेनऊच्या सुमारास त्यांना असा दम लागला की बसवेना की बोलवेना. एस.टी. नाही, टॅक्सी नाही, फोन गावात एकच आणि तोही कुलपात. त्यांना मागे बसवलं, त्यांच्यामागे त्यांचा मोठा मुलगा, वडिलांना मिठी मारून. तिघांना घेऊन निघालो अलिबागला. सपाटीला ठीक होतं. खिंडीचा चढ सुरू झाला, मूठ जास्त पिरगाळावी लागली, गाडी थरथरू लागली, आणि दम कमी होत गेला... गाडीचाही. आवाज घुसमटला. मुलगा मागून ओरडला, "सर, धूर येतोय!" तो धूर कुणाच्या छातीत चालला असेल हे सांगायला नको.

दांडीकडे लक्ष गेलं ते नशिबाने. चांदणं होतं आणि ती निम्म्याहून खाली आलेली दिसली. अंगठ्याने परत सरकवली, गाडीने श्वास घेतला. हात काढला, पुन्हा घसरली. मग उजव्या हाताने मूठ पिरगाळायची आणि त्याच हाताच्या अंगठ्याने दांडी रेटून धरायची, असं करत खिंड चढलो आणि पलीकडे उतरून अलिबाग गाठलं. अंगठा दोन दिवस वाकत नव्हता. सरांना इंजेक्शन मिळालं, पहाटेपर्यंत उतार पडला. त्यानंतर सर बारा वर्षं जगले आणि निवृत्त होताना त्यांनी मला त्या खिंडीचं एक जलरंगातलं चित्र दिलं. चित्रात गाडी नाही, नुसता रस्ता आहे.

दुसऱ्या दिवशी मी गाडी आमच्या मिस्त्रींकडे नेली. मिस्त्रींचं नाव मी इथे लिहिणार नाही, त्यांनाही आवडलं नसतं. खाडीकाठी त्यांची शेड होती. मूळ काम मचव्यांची डिझेल इंजिनं दुरुस्त करण्याचं. पन्नास-साठच्या दशकांत आमच्याकडे मच्छीमारांच्या होड्यांना इंजिनं बसायला लागली आणि त्यांच्याबरोबर अशा मिस्त्रींची एक पिढीच किनाऱ्यावर तयार झाली. शाळा चौथीच्या पुढे नाही. शिक्षण सगळं हाताने आणि कानाने. डिझेल इंजिनाला चोक नसतो, कारण तिथे हवा अडवायचीच नसते. हवा पूर्ण येऊ द्यायची आणि फवारा तेवढा कमी-जास्त करायचा. त्यामुळे मिस्त्रींना पेट्रोल इंजिनाचा हा श्वास कोंडण्याचा प्रकार मुळातच पसंत नव्हता.

त्यांनी दांडी दोनदा हलवली आणि म्हणाले, "मास्तर, दांडी नाय घसरत. स्प्रिंग तिला ओढून नेतंय. दांडी गरीब आहे."

मग त्यांनी दोन पर्याय सांगितले. पहिला, चोकची स्लाइड काढूनच टाकायची. "आपल्याकडे थंडी कुठे आहे? टिकलर दाबा, दोन किक मारा." हे अगदी खरं होतं, आणि उष्ण प्रदेशातले जाणते लोक अमलच्या गाड्यांना हेच करत. स्लाइड, स्प्रिंग, वायर काढायची, वरचं भोक बुजवायचं. नसलेली वस्तू घसरत नाही. पण त्या गाडीवर मी जानेवारीत माथेरानच्या पायथ्याला, क्वचित पुण्यालाही जाई, आणि पहाटे तिकडे तिला चोक लागेच. खरं सांगायचं तर कारण तेवढंच नव्हतं. ज्याने ती गाडी घडवली त्याने एक वस्तू तिच्यात घातली आहे, तर ती राहावी, असं मला वाटे. पाठ्यपुस्तकातली अवघड कविता गाळून पुढे जाणारे मास्तर मला कधी आवडले नाहीत.

तेव्हा दुसरा पर्याय. नवा भाग मिळणं अशक्यच. कारण १९८२ पर्यंत त्या गाड्या करणाऱ्या कंपन्याच उरल्या नव्हत्या. रेडिचचा एनफिल्डचा कारखाना १९६७ मध्ये बंद झाला, वेलोसेट १९७१ मध्ये, बीएसए १९७३ मध्ये विलीन होऊन नावापुरती राहिली. मुंबईत ऑपेरा हाउसला किंवा कुर्ल्याच्या भंगारात शोधता आलं असतं, पण तिथला तुकडाही तितकाच झिजलेला असणार. मिस्त्रींनी स्क्रू काढला, चकत्या सुट्या केल्या, पेट्रोलमध्ये बुडवून तेल काढलं. गंजकी चकती काचेच्या तुकड्यावर पॉलिश पेपर पसरून त्यावर आठच्या आकड्यात घासली. काच का, असं मी विचारलं. "काच सपाट असते मास्तर, माझा हात नसतो." स्प्रिंग वायसर दबून गेला होता. तो ऐरणीवर दोन हलक्या ठोक्यांनी पुन्हा वाकडा केला. आणि मग आपल्या कोपऱ्यातली जुनी कोल्हापुरी वहाण उचलली.

वहाणेच्या तळव्यातून त्यांनी एक गोल तुकडा पंचाने काढला, मधे भोक पाडलं आणि तो वायसर दोन चकत्यांमध्ये घातला. मला हसू आलं. पण त्यात विचार होता. कोल्हापुरीचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावलेलं, चिवट. धातूवर धातू कोरडा असला तर धरतो, तेल लागलं की सुटतो. चामडं थोडं तेल पितं आणि तरी धरतं. पहिल्या काळातल्या मोटारींच्या क्लचना चामड्याचंच अस्तर असे, हे मी नंतर कुठेतरी वाचलं. मिस्त्रींनी काही वाचलं नव्हतं. रबर का नाही, असं विचारलं तर म्हणाले, "रबराला पेट्रोल आवडत नाय. फुगतो, मग कुजतो." सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून दांडी बांधणारे पुष्कळ होते. त्यांची पट्टी दोन महिन्यांत चिकट होऊन गळे.

शेवटी स्क्रू. तो आवळून भागत नाही, कारण इंजिन एका बाजूने हादरे देतं आणि दांडी फिरवताना दर वेळी स्क्रूलाही थोडं फिरवू पाहते. मिस्त्रींनी स्क्रूच्या आट्यांना पंचने एका जागी हलकासा ठोका दिला, म्हणजे आटे तिथे किंचित चेपले आणि स्क्रू जड झाला. किती आवळायचा याचं माप त्यांनी मला दिलं ते असं: अंगठ्याने सहज सरकली पाहिजे, पण करंगळीने ढकलली तर हलता कामा नये. टॉर्क वगैरे शब्द तेव्हा आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हते.

सहा महिन्यांनी उघडून पाहिलं तर चामड्याच्या वायसरभोवती काळंभोर वर्तुळ. आमच्या आजोबांच्या वेळी हिरडा आणि हिराकस उकळून शाई करत, ती आठवली. हिरड्याला लोखंड भेटलं की काळा रंग येतो. कार्लेखिंडीच्या चढावर माझ्या चोकच्या बुडाशी पाव थेंब शाई तयार होत होती म्हणायची! मराठीच्या मास्तराच्या गाडीला हे शोभलं. वायसर मात्र शाबूत होता.

त्या दुरुस्तीनंतर मी इतर गाड्यांचे चोक पाहू लागलो. एक खोडच लागली. शाळेबाहेर, बाजारात, कुणाचीही गाडी दिसली की दांडी कुठे, स्प्रिंग कुठल्या बाजूची. बजाज स्कूटरला सीटखाली चोकची दांडी. ती ओढायची, गाडी डाव्या अंगावर कलती करायची आणि किक. हा विधी एका सबंध पिढीने पूजेसारखा केला, आणि कलती करण्याने नेमकं काय होतं यावर मी स्टाफरूममध्ये तास तास वाद ऐकले आहेत. त्या स्कूटरचा चोक, आणि पुढे बुलेटवर आलेला मिककार्बचा चोक, हे दोन्ही दुसऱ्या जातीचे, म्हणजे पेट्रोलची जादा वाट उघडणारे. त्यांची स्प्रिंग ती वाट बंद करायच्या बाजूला ढकलते. खाच झिजली, पकड सैल झाली, तर चोक 'सुटतो', लागत नाही. सकाळी एका हाताने दांडी धरून दुसऱ्या हाताने मूठ सांभाळावी लागते, शेजारी हसतात, एवढंच. खिंडीत दम्याचा माणूस मागे बसलेला असताना गाडी घुसमटत नाही. १९८४-८५ नंतर जपानी करारांच्या १०० सीसीच्या गाड्यांची लाट आली, आणि इंड-सुझुकी, हिरो होंडा, आरएक्स-१०० यांनी लोकांना सांगितलं की गाडी एका किकेत सुरू होणं हा चमत्कार नाही, तो ग्राहकाचा हक्क आहे. चोक उरला, पण कोपऱ्यात, कार्ब्युरेटरला चिकटलेली बोटभर पट्टी म्हणून. हँडलवरून तो उतरला तिथेच त्याचा मान गेला.

जपान्यांची किफायत, टिकाऊपणा यांबद्दल सगळे बोलतात. मला त्यांचं हे स्प्रिंगची बाजू बदलणं जास्त मोठं वाटतं. अर्थात सगळं श्रेय त्यांचं नव्हे, युरोपातल्या स्कूटरवाल्यांनी ते आधीच केलं होतं. पण आमच्या गावात ते पोचलं ते असं. इंग्रजी गाडी गृहीत धरते की स्वार जागा आहे, त्याचं लक्ष आहे, त्याला इंजिनाचा आवाज कळतो. नवी गाडी गृहीत धरते की स्वार थकलेला असेल, विसरेल, त्याच्या मागे कुणी आजारी असेल. मिस्त्रींना मी हे एकदा सांगितलं. ते म्हणाले, "मग कान कशाला शिकवायचे?" त्यांचा प्रश्न मला तेव्हाही खोडून काढता आला नाही.

मिस्त्री २००१ मध्ये गेले. मुलगा बंदरावर नोकरीला लागला होता, शेड विकली गेली. जाण्याआधी वर्षभर त्यांची नजर अधू झाली होती, तरी प्लगचा रंग ते मला विचारून आवाजावरून ताडत. त्यांनी एका खोकल्याच्या गोळ्यांच्या डबीत सहा चामड्याचे वायसर कापून माझ्यासाठी ठेवले होते. सगळे एकाच वहाणेचे.

गाडी मी त्याआधीच, १९९६ मध्ये, पुण्याच्या एका हौशी संग्राहकाला विकली होती. गुडघ्यांनी किक मारायला नकार दिला होता. त्या गृहस्थांनी ती मूळ लष्करी हिरव्या रंगात आणली, सगळं काही 'ओरिजिनल' केलं. जुन्या ब्रिटिश गाड्यांचे भाग आता इंग्लंडात नव्याने बनवून विकतात. त्यांनी हवेची दांडीही तिकडून मागवली, झळाळती, नवी कोरी. जुनी दांडी काढताना आत कसलासा काळा पडलेला चामड्याचा तुकडा सापडला, तो टाकून दिला, असं त्यांनी फोनवर हसत सांगितलं. २००६ साली त्यांचा पुन्हा फोन आला. बोरघाटात गाडी घुसमटते, कार्ब्युरेटर दोनदा उघडला, काही सापडत नाही. मी विचारलं, "चढावर दांडी पाहिलीत का?"

दुसऱ्या दिवशी डबीतला एक वायसर आंतर्देशीय पत्राच्या घडीत घालून पाठवत होतो, तर पोस्टातल्या बाई म्हणाल्या, त्यात वस्तू चालत नाही. मग पाकीट घेतलं. आत चिठ्ठी टाकली: अंगठ्याने सरकावी, करंगळीने हलू नये.